यातला ग्लेन कुठला

आमच्या वाचनालयात दर गुरुवारी दुपारी एक ते तीन मी खिडकीजवळच्या टेबलाशी बसते आणि ज्यांचे फोन त्यांचं ऐकत नाहीत अशांची गाऱ्हाणी ऐकते. कुणाला पासवर्ड आठवत नसतो, कुणाच्या नातवानं अक्षरं इतकी बारीक करून ठेवलेली असतात की आजीला फोनवर भिंग धरावं लागतं. आमच्या या छोट्या हँकॉक गावात म्हातारी माणसं पुष्कळ आणि त्यांची मुलं ग्रँड रॅपिड्सला नाहीतर मिनियापोलिसला, त्यामुळे माझं टेबल सहसा रिकामं नसतं.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी आर्डिस लाहती आली. बसली नाही. कोटाची बटणंही न काढता तिनं फोन माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "या फोनचं म्हणणं आहे की माझं लग्न वॉरनशी झालंय."

फोटोत आमच्याच चर्चच्या पायऱ्या होत्या. बावीस वर्षांची आर्डिस पांढऱ्या झग्यात, वाऱ्यानं उडणारी डोक्यावरची जाळी एका हातानं दाबून धरलेली, आणि शेजारी रुंद कॉलरच्या कोटातला तिचा नवरा ग्लेन. ग्लेनच्या चेहऱ्याखाली बारीक अक्षरांत नाव आलं होतं, वॉरन.

वॉरन म्हणजे तिचा दीर, ग्लेनचा जुळा भाऊ. फेब्रुवारीत तो गेला. दुकानासमोर त्यानं गाडी लावली आणि गाडीतून उतरलाच नाही. दोघा भावांनी तीस वर्षं काउंटीच्या बर्फ हटवायच्या गाड्या चालवल्या होत्या. सकाळी रस्ता मोकळा करत गाडी गेली की लोक खिडकीतून हात करायचे, आणि आपण हात नेमका कुणाला केला हे कुणालाच ठाऊक नसायचं. गाडीत जो कोण असेल तो उलट हात करायचा. शाळेतले मास्तर फसले, चर्चचे तीन पाद्री फसले, दाताच्या डॉक्टरनं एकदा एकाची दाढ दुसऱ्याच्या नावावर लिहिली. कधीच फसल्या नाहीत त्या दोघांच्या बायका. त्यातही आर्डिस जास्त ठासून सांगायची. कालव्याच्या पलीकडून, कानटोपी भुवयांपर्यंत ओढलेली असली, पाठ माझ्याकडे असली तरी मी सांगेन, म्हणायची. आणि सांगायचीही.

आर्डिसला मी चाळीस वर्षं ओळखते. सव्वीस वर्षं ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती, शेवटची बारा वर्षं मुख्य म्हणून. निवृत्तीनंतरही तिचे हात थांबले नाहीत. घरी पाहुणा बसला असेल तर त्याच्याशी बोलता बोलता ती कपाट पुसते. चर्चमध्ये प्रवचन चालू असताना पुढच्या बाकावरची गीतांची पुस्तकं सारखी करते. तिच्या फ्रीजरमधल्या ब्लूबेरीच्या पिशव्यांवर तारीखच नाही, तर कुठल्या टेकडीवरच्या, तेही लिहिलेलं असतं. अशा बाईच्या हातात बाराशे फोटो असे येऊन पडले की एकाचीही जागा बरोबर नाही.

ते झालं असं. वॉरनची बायको फिलिस, म्हणजे आर्डिसची जाऊ, तिच्याकडे नवऱ्याचे फोटो जवळजवळ नव्हतेच. काही वर्षांपूर्वी जूनमध्ये डोंगरावरून पाणी आलं तेव्हा तिच्या तळघरात कमरेएवढा गाळ भरला आणि फोटोंची पेटी त्यात गेली. फिलिसला मूलबाळ नाही, तेव्हा दुसऱ्या कुणाकडे प्रती असण्याचाही प्रश्न नव्हता. वॉरनच्या अंत्यविधीनंतर तिनं आर्डिसला एवढंच विचारलं की तुझ्याकडच्या फोटोंत तो असेल, तर मला मिळतील का.

एप्रिलमध्ये ईस्टरला आर्डिसची मुलगी जनेल ग्रँड रॅपिड्सहून आली. चार दिवसांत तिनं बुटांच्या खोक्यांतले आणि बिस्किटांच्या डब्यांतले बाराशे फोटो आईच्या फोनमध्ये उतरवले. फोटोचं ते ॲप मध्ये मध्ये दोन चेहरे शेजारी शेजारी दाखवून विचारायचं, हा माणूस एकच की वेगळा. जनेल बापाला आणि काकाला जिवंतपणी कधी चुकली नव्हती. पण दोनशे फोटोंनंतर ती दमली, आणि फोन विचारेल तिथे 'हो, एकच' म्हणत गेली. चेहऱ्याला नाव दिलं वॉरन, कारण फोटो वॉरनचेच हवे होते. मग तिनं एक अल्बम केला, तो फिलिसच्या फोनशी जोडला, आणि अशी सोय करून ठेवली की वॉरनचा चेहरा ज्या फोटोत दिसेल तो आपोआप त्या अल्बममध्ये जाईल.

"आई, तुला काहीच करावं लागणार नाही," असं म्हणून ती दहा तासांच्या रस्त्याला लागली.

आर्डिसला जगात न सोसणारी एकच सोय असेल, तर ती ही.

मी तिला करायचं काय ते दाखवलं. नावावर बोट ठेवायचं, सगळे फोटो उघडतील, जिथे ग्लेन असेल तिथे 'हा वॉरन नव्हे' म्हणायचं आणि ग्लेनचं नाव द्यायचं. काम सोपं होतं, फक्त चारशे वेळा करायचं होतं. आर्डिस म्हणाली, मांस-बटाटा भरलेल्या चारशे पास्ट्या मी एका सकाळी भाजल्यात. आणि घरी गेली.

पुढच्या गुरुवारी ती परत आली तेव्हा डोळे लाल होते. तिनं नव्वद फोटो वेगळे केले होते आणि दोन दिवसांनी त्यातले साठ पुन्हा वॉरनकडे गेले होते. तारखांचा तर आनंदच होता. सगळे फोटो ईस्टरच्या चार दिवसांत उतरवलेले, म्हणून ॲपच्या लेखी सगळं आयुष्य त्या चार दिवसांत घडलेलं. सहा वर्षांचे जुळे भाऊ घसरगाडीवर बसलेत त्याच्या शेजारी साठ वर्षांचे दोघं सौनाच्या, म्हणजे वाफेच्या खोलीच्या, दारात टॉवेल गुंडाळून उभे. काही फोटो जनेलनं दोनदा उतरवले होते, काही उलटे. ॲपनं आपणहून संगीत लावून एक छोटी फिल्मही बनवली होती. तिला नाव दिलं होतं 'ईस्टरची धमाल', आणि तिच्यात सासूच्या शवपेटीशी उभे असलेले दोघं भाऊ होते. आर्डिसनं ती मला दाखवली. मी ती पुसून टाकली.

त्या उन्हाळ्यात तिचं दुसऱ्या कशात लक्ष लागेना. जून गेला, जुलै अर्धा गेला. स्ट्रॉबेरी आल्या, तिनं त्या वर्षी मुरंबा केला नाही. चर्चच्या कॉफीच्या वेळी ती फोन मांडीवर ठेवून बोट फिरवत बसायची. वेलदोड्याचा निसू पाव तिच्यासारखा कुणाचा होत नाही, तो तिनं दोनदा करपवला. दर गुरुवारी एक वाजायच्या आधी ती दाराशी उभी असायची आणि माझ्यापुढे तक्रारींचा कागद ठेवायची, नंबर घालून.

पण खरी तक्रार कागदावर नव्हती. ती तिनं मला जुलैच्या शेवटी सांगितली, तीही उठून जाता जाता. ती म्हणाली की काही फोटोंत तिला स्वतःलाच कळत नाहीये.

लहानपणचे फोटो तिच्या ओळखीच्या आधीचे होते, ते सोडून दिले. पण लग्नानंतरचेही होते. ग्लेन की वॉरन, जाळं ओढताना. ग्लेन की वॉरन, छपरावर. मागे काही लिहिलं होतं का, असं मी विचारलं. नव्हतं. आर्डिस म्हणाली, घरातल्या माणसांची नावं कोण लिहून ठेवतं. तिनं ते फोटो मोजले होते, त्रेसष्ट निघाले. ती टेबलाची कड धरून उभी राहिली आणि मला समजावत होती की स्वतःला, कोण जाणे. वॉरन चालताना डावा खांदा आधी पुढे टाकायचा. ग्लेन उभा राहिला की टाचांवर डुलतो. वॉरन हसायच्या आधी नाकानं श्वास घ्यायचा. हे सगळं हलणाऱ्या माणसाचं होतं. फोटोत कुणी हलत नाही. पन्नास वर्षं तिला वाटत होतं की तिला चेहरे ओळखता येतात.

ग्लेनला विचारून झालं होतं. तो व्हरांड्यात गळाच्या दोऱ्या गुंडाळत बसला होता. तिनं त्याच्यासमोर फोन धरला. त्यानं चष्मा वर करून पाहिलं आणि फोन परत दिला.

"मी असेन. नाहीतर तो."

"नीट बघ तरी."

"नीट बघितलं म्हणूनच सांगतोय."

त्यापुढे तो त्या फोटोंकडे बघेना. ती फोन घेऊन आली की त्याला गॅरेजमध्ये काहीतरी काम निघायचं. आर्डिसला राग यायचा, की स्वतःचा चेहरा ओळखायला माणसाला असा किती त्रास होतो.

ऑगस्टच्या दुसऱ्या गुरुवारी आर्डिस आली नाही. तिला दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं. त्याच दिवशी फिलिस आली.

फिलिस उंच, हळू बोलणारी. आयुष्यभर तिनं घरी शिवणकाम केलं. आमच्या गावातल्या अर्ध्या नवऱ्यांच्या लग्नाच्या पँट तिनं आखूड केल्या असतील. ती माझ्यासमोर बसली, पर्स मांडीवर घेतली, आणि म्हणाली की तिच्या अल्बममधून फोटो गायब होताहेत. रोज सकाळी कॉफी घेताना ती तो अल्बम उघडते. मे महिन्यात साडेचारशे होते, आता तीनशेही नाहीत. तिच्या हातून काही पुसलं जातंय का, ते मी बघावं.

काय चाललंय हे मला लगेच कळलं. आर्डिस इकडे ग्लेनला बाजूला काढत होती आणि तिकडे फिलिसच्या अल्बममधून ते फोटो जात होते. मी ते सांगणार होते. पण त्याआधी मी अल्बमच्या शेवटी गेले, जिथे नवे फोटो येतात, आणि थांबले.

तिथे वॉरन गवत कापत होता. वॉरन ट्राउट मासा धरून उभा होता. वॉरनच्या डोक्यावर ग्लेनची ती हिरवी टोपी होती, जी त्यानं जुलैच्या परेडमध्ये जिंकली होती. जनेलला बापाची काळजी लागून राहिलेली, म्हणून आर्डिस रोज ग्लेनचा एक फोटो काढून तिला पाठवायची. ॲप त्या चेहऱ्याला वॉरन समजायचं आणि फोटो आपणहून फिलिसकडे धाडायचं. आर्डिस जुन्या फोटोंपासून सुरुवात करून पुढे येत होती, या टोकाला ती पोचलीच नव्हती. आणि मीही कधी बघितलं नव्हतं.

माझा चेहरा फिलिसनं वाचला असावा.

"मला माहीत आहे तो ग्लेन आहे," ती म्हणाली. "मला वेड लागलेलं नाही."

तिनं फोन आपल्याकडे ओढून घेतला आणि त्या माशाच्या फोटोवर बोट ठेवलं. हळूहळू बोलली. फेब्रुवारीपासून वॉरनचे उरलेसुरले तेच तेच फोटो ती बघत होती. मग एप्रिलमध्ये एका सकाळी नवा आला. तिला आधी धडकी भरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक आला. पुढे जूनमध्ये उन्हानं नाक सोललेलं, उन्हाळ्यात वॉरनचं सोलायचं तसंच. मग ती रोज वाट बघायला लागली.

"आर्डिसला सांगू नकोस," असं ती म्हणाली नाही. तसं म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं फक्त विचारलं की आता हे सगळं थांबणार का. मी म्हणाले, आर्डिस ज्या वेगानं निघाली आहे त्या वेगानं महिन्याभरात थांबेल. मग मी मला सुचलं ते सांगितलं, की तू स्वतः जाऊन तिच्याशी बोल, माझ्याकडून कळायला नको.

ती तीन आठवडे गेली नाही. ते तीन गुरुवार माझ्यासाठी फार वाईट होते. आर्डिस समोर बसून फोटो वेगळे करायची, मी तिला मदत करायची, आणि प्रत्येक वेळी मला फिलिसच्या स्वयंपाकघरातली कॉफी दिसायची.

सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या सुट्टीनंतरच्या मंगळवारी फिलिस गेली. पुढचं मला दोघींनी वेगवेगळं सांगितलं आणि दोन्हींत फारसा फरक नव्हता. आर्डिस टोमॅटो उकळत होती. फिलिसनं तिला गॅस बंद करून बसायला सांगितलं, आणि आर्डिस खरंच बसली, यावरूनच ओळखावं. फिलिसनं सगळं सांगितलं. आर्डिसनं तिचा फोन घेतला, अल्बमच्या शेवटापर्यंत गेली, आणि एक एक फोटो बघितला. गवत, मासा, टोपी, व्हरांडा, ग्लेन दाढी करताना.

"हा माझा नवरा आहे, फिलिस."

"माहीत आहे."

"तू रोज सकाळी माझ्या नवऱ्याला बघत बसतेस."

"मी वॉरनला बघते," फिलिस म्हणाली. "या उन्हाळ्यात तो कसा दिसला असता, ते बघते. मला दुसरीकडे कुठे मिळणार आहे ते?"

आर्डिस उठली आणि गॅस पुन्हा पेटवला. फिलिस थोडा वेळ बसून निघून गेली. त्याच गुरुवारी आर्डिस माझ्याकडे आली आणि म्हणाली की हा अल्बम बंद कसा करायचा ते दाखव. मी विचारलं, नक्की ना. ती म्हणाली, बोट कुठे ठेवू एवढंच सांग. मी सांगितलं. फिलिसच्या फोनवरून सगळं गेलं, ग्लेन आणि वॉरन दोघंही.

मग तिच्या जिवाला काही शांतता लाभली असेल, असं वाटेल. उलटच झालं. ती गुरुवारी यायची, पण फोन पिशवीतून काढायची नाही. मासिकं चाळायची, परतीची पुस्तकं विषयवार लावून द्यायची, आमच्या खिडक्यांची काच कशी पुसायला हवी ते सांगायची. एकदा मध्येच म्हणाली, फिलिसकडचे वॉरनचे फोटोही मी काढून घेतले, ते काही बरं केलं नाही. पुढच्या क्षणी म्हणाली, पण दाढी करतानाचा फोटो, आं? तो मी काय सगळ्या जगाला दाखवायला काढला होता? मी म्हणाले, जग नाही, फिलिस. ती म्हणाली, तेच तर.

सप्टेंबरच्या अखेरीला भावांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस होता. जनेल येणार होती, ग्लेननं येऊ नकोस म्हणून सांगितलं. केक नको म्हणाला. आर्डिसनं तरीही केला. तो कापताना तिनं त्याला सगळं सांगितलं, अल्बमचं, फिलिसचं, रोजच्या कॉफीचं. ग्लेन बराच वेळ काट्यानं केक चिवडत बसला. मग म्हणाला की मार्चपासून तो आरशात बघून दाढी करत नाही, न बघताच करतो. गालावर कापतं म्हणून तू मला मशीन घे म्हटलं होतंस, आठवतं ना, असं त्यानं विचारलं. त्याला आरशात वॉरन दिसायचा, तोही चुकलेला, उजव्याचं डावं झालेला. "तिला तो बघवतो," ग्लेन म्हणाला. "मला बघवत नाही. एवढाच फरक आहे."

आर्डिस मला हे सांगत होती तेव्हा परतीच्या पुस्तकांचा गठ्ठा तिच्या हातात तसाच राहिला.

ऑक्टोबरमध्ये तिनं नवा अल्बम केला. या वेळी आपोआप काही नको होतं. जे वॉरनचे फोटो नक्की ठाऊक होते, एकशे सत्तर, ते तिनं एकेक निवडून घातले. आणि दर रविवारी चर्चहून आल्यावर ग्लेनचा एक फोटो ती स्वतः त्यात टाकायची, खाली 'ग्लेन' असं लिहून. फिलिसला हे असं नाव घालून नको होतं, आणि आर्डिसला तर पाठवणंच नको होतं, पण ग्लेनचं बोलणं ऐकल्यावर तिला राहवेना. फिलिसनं पहिल्या रविवारी उत्तर पाठवलं नाही. दुसऱ्या रविवारी पाठवलं, "टोपी धुवायला झालीय."

नोव्हेंबरच्या मध्यावर पहिला मोठा बर्फ पडला. फिलिसच्या दारातला रस्ता वॉरन साफ करायचा, आता त्यासाठी तिनं कुणाला तरी सांगून ठेवलं होतं. त्या दिवशी तो माणूस यायच्या आधीच ग्लेन पुढे बर्फ ढकलायचं पातं लावलेला आपला ट्रक घेऊन तिथे गेला. फेब्रुवारीनंतर तो त्या घरी गेला नव्हता. फिलिस खिडकीत उभी राहून बघत होती. ट्रक मागे घेताना ग्लेन वळून बघत नाही, नुसता आरशांवर चालवतो. वॉरन नेहमी दार अर्धं उघडून बाहेर वाकायचा. तिनं नंतर मला सांगितलं की ट्रक पहिल्यांदा मागे आला तेवढ्यातच तिला कळलं, हा तो नव्हे, आणि तरी काम संपेपर्यंत ती तशीच उभी होती. तिनं त्याला आत बोलावलं. तो वॉरनच्या नाही, दुसऱ्या खुर्चीवर बसला. दोन कप कॉफी प्यायला, पाव खाल्ला.

"हा किती आवाज करत खातो," तिनं दुसऱ्या दिवशी आर्डिसला फोन करून सांगितलं. "कसं सहन करतेस तू पन्नास वर्षं?"

आर्डिस म्हणाली, म्हणून तर मी जेवताना रेडिओ लावते.

त्यानंतर फिलिस आर्डिसकडे मंगळवारी जायला लागली. रविवारचे फोटो हळूहळू कमी झाले. फिलिसनंच सांगितलं की दर आठवड्याला नको, काही असेल तेव्हा पाठव. दोघी त्या त्रेसष्ट फोटोंवर बसल्या. आर्डिसला जे चेहऱ्यांवरून कळलं नव्हतं ते फिलिसला कपड्यांवरून कळायचं. हा शर्ट मी शिवलाय, खिशाची शिलाई बघ, दुहेरी आहे. या पँटचा गुडघा मी शिवला, तो वॉरनच. कॉलर उलटून लावलेली आहे, ती आपल्या सासूनं केली असणार, तिला टाका धरता येत नव्हता, म्हणजे हे लग्नाआधीचं. आर्डिसनं शिवलेलं काही नव्हतंच, पण घड्या तिच्या होत्या. ग्लेनच्या बाहीची इस्त्रीची घडी तिला लांबूनही ओळखू यायची. डिसेंबरच्या शेवटी एकोणीस उरले. तिथे दोघी अडल्या.

त्यातला एकच फोटो असा होता की ज्यावरून दोघींचं वाजलं. पोर्टेज तलावावरच्या होडीत पुढच्या फळीवर एक माणूस बसलाय, उघडा, उन्हानं डोळे बारीक केलेले, आणि त्याच्या मांडीवर पाच-सहा महिन्यांची जनेल झोपलीय. अंगात शर्ट नाही, म्हणजे शिलाई नाही, इस्त्री नाही. आर्डिसचं म्हणणं, पोरीला असं छातीशी धरून बसणारा बापच असणार. फिलिस म्हणाली, ग्लेनला त्या वर्षी दुपारची पाळी होती, तुझ्या पोरीला होडीत वॉरनच न्यायचा. आर्डिस म्हणाली, रविवारी नसायची पाळी. दोन मंगळवार या फोटोवर गेले. तिसऱ्या मंगळवारी फिलिस आली नाही.

गुरुवारी आर्डिस माझ्याकडे आली ती आल्या आल्या फोटो मोठा करून दाखव म्हणाली. मी केला. पाणी, फळी, झोपलेलं बाळ, त्या माणसाच्या पोटावर पडलेली घडी. आणखी मोठा केला तर नुसते ठिपके. ती खुर्चीच्या कडेवर बसून राहिली, एक पाय हलत होता. मग म्हणाली, चल, हा ग्लेनलाच दाखवते, आज पळून जाऊ देत नाही.

त्या संध्याकाळी तिनं त्याला दाखवला. तिला वाटलं होतं तो नेहमीचं उत्तर देईल. ग्लेननं फोन हातात घेतला. या वेळी परत केला नाही. खिडकीशी नेला, चष्मा लावला आणि पुष्कळ वेळ बघितला.

"वॉरन," तो म्हणाला.

"कशावरून?"

"वॉरन आहे. फिलिसला देऊन टाक."

आर्डिसनं त्याच्याकडे बघितलं. तो फोन ठेवून गॅरेजमध्ये गेला नाही, तिथेच टेबलाशी बसला आणि बटाटे सोलायला घेतले. त्याला खरंच आठवलं होतं, का त्यानं तो फोटो फिलिससाठी नुसताच सोडून दिला होता, ते तिला कळलं नाही. जन्मभर प्रत्येक गोष्टीचा उगम विचारणारी ही बाई. तिनं विचारलं नाही. मला सांगताना म्हणाली, विचारलं असतं तर त्यानं उत्तर दिलं असतं, आणि मग ते उत्तर माझ्याकडे राहिलं असतं.

त्याच संध्याकाळी तिनं फोटो पाठवला. खाली लिहिलं, 'वॉरन आणि जनेल'. फिलिसचा फोन आला नाही, पण मंगळवारी ती आली, आणि हातात निसू पाव होता, तिनं स्वतः केलेला. फार घट्ट झाला होता, आर्डिस म्हणाली. दोघींनी तो सगळा संपवला.

अठरा फोटो अजून तसेच आहेत. आर्डिस दर गुरुवारी येते, खुर्चीच्या कडेवर बसते, पाय हलवत एक एक पुढे सरकवते. परवा मी तिला म्हणाले की हे अठरा राहू दे आता. ती म्हणाली, बघू, आणि पुढचा उघडला.